उजवा रकाना

४ एप्रिल

आज थेरपिस्ट बाईंनी मला गृहपाठ दिला. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी! दोनशे पानी वही घ्या म्हणाल्या, प्रत्येक पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डाव्या रकान्यात बायको जे बोलेल ते जसंच्या तसं लिहायचं. उजव्या रकान्यात त्या वेळी काय चाललं होतं, तिची नजर कुठे होती, तिला काय हवं असावं, ते.

मी म्हटलं, "बाई, तिच्या बोलण्याला अर्थ असता तर तुमच्याकडे कशाला आलो असतो?"

"अर्थ आहे," त्या म्हणाल्या. "शब्द बदललेत. कधी कधी एकच शब्द एकाच गोष्टीसाठी परत परत येतो, तो पकडायचा. झटक्यानंतरचं पहिलं वर्ष फार मोलाचं असतं. त्यांचं बोलणं बंद पडू देऊ नका, कितीही वेडंवाकडं असलं तरी. आपल्याला लोक हसतात असं एकदा का त्यांच्या मनानं घेतलं, की त्या तोंड मिटून घेतील. मग माझ्या हातात काही राहणार नाही."

मी मान डोलावली. कान हा तर माझा धंदा. तीस वर्षं संवाद लिहितोय, नाटकाचे, सिनेमाचे. टॅक्सीवाला कसा बोलतो आणि नवा नवा साहेब झालेला माणूस कसा बोलतो, हे मला डोळे मिटून कळतं. हे काम मला जड नाही.

वही पुढून तिची. मागून माझी, म्हणजे ही. एवढी पानं वाया कशाला घालवायची?

७ एप्रिल

डाव्या रकान्यात आजचा माल: सिपरं, भोंडकी, हुबो, किलम, परत हुबो, परत सिपरं. उजवीकडे काय लिहू, कपाळ? कडू गोळी घेतली आणि "सिपरं, सिपरं" करत बसली. मी विचारलं, "अगं, काय सिपरं?" तेवढ्यात मावशी पेला भरून पाणी घेऊन आली, ही ते गटागटा प्यायली आणि विषय तिथेच राहिला. मावशी म्हणजे दिवसभर हिचं करायला ठेवलेली बाई. कामाला चोख, पण तोंडाची टकळी थांबत नाही.

दुर्दैव बघा. एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होती ही. ऱ्हस्वदीर्घाची चूक हिच्या नजरेतून सुटायची नाही. माझं प्रत्येक लिखाण आधी हिच्या लाल पेन्सिलीखालून जायचं. जे काढून टाकायचं त्यावर आडवी रेघ आणि टोकाला एक वेटोळं. आमच्या घरात त्याला 'शेपूट' म्हणतात. लेक लहान असताना नावडत्या भाजीकडे बोट दाखवून म्हणायची, "आई, याला शेपूट." माझ्या सगळ्यात गाजलेल्या नाटकाला हिनं चाळीस शेपटं लावली होती. तेव्हा दोन दिवस बोललो नव्हतो आम्ही.

फेब्रुवारीत एका सकाळी दात घासताना खाली बसली, आणि उठली ती अशी. उजवा हात गेला आणि शब्द गेले. समजतं सगळं, असं बाई म्हणतात. असेल बुवा.

१३ एप्रिल, रविवार

लेकीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात नोकरीला, दर रविवारी फोन करते. फोन कानाला लावला की हिचा चेहरा फुलतो. "तातुला, तातुला!" चाललं होतं दहा मिनिटं. पलीकडून लेकही तसंच काहीबाही बोलत असावी, कारण दोघी हसत होत्या. मला त्या हसण्यात जागा नव्हती.

लग्नाला सदतीस वर्षं झाली, हिनं कधी माझं नाव घेतलं नाही. "अहो." बस्स. पण त्या एका "अहो"चे बारा सूर होते. रागाचा वेगळा, लाडाचा वेगळा, पाहुण्यांसमोरचा वेगळा, दूध उतू चालल्याचा वेगळा. माझं नाव या घरात फक्त दारावरच्या पाटीला ठाऊक. मी एकदा नुसत्या "अहो"वर अख्खा प्रवेश लिहिला होता आणि टाळ्या घेतल्या होत्या.

आता तेही गेलं. दिवसभर घरात असतो, पण मला हाक मारणारं कुणी नाही.

१८ एप्रिल

काम आलं! सात वर्षांनी सिनेमाचं काम आलं!

दिग्दर्शक स्वतः घरी आला. भर उन्हाळ्यात डोक्याला लोकरीची टोपी. मी त्याला मनात 'टोपी' असंच नाव ठेवून टाकलंय. सिनेमा विनोदी आहे. परग्रहावरचे हिरवे लोक पृथ्वी जिंकायला येतात आणि पहिल्याच सरकारी कचेरीत अडकतात. जिंकायला परवाना लागतो, परवान्याला रहिवासी दाखला लागतो, दाखल्याला पंधरा वर्षांचं वास्तव्य लागतं. सैन्याचा सरदार रांगेत उभा राहून राहून म्हातारा होतो. कल्पना झकास आहे, हे मला त्याच्या तोंडावर कबूल करावं लागलं.

"काका, माणसांचे संवाद दुसऱ्यानं लिहिलेत," टोपी म्हणाला. म्हणजे मी दुसऱ्या पंगतीला. "तुमच्याकडून मला हिरव्यांची भाषा हवीय. ऐकल्याबरोबर लोक खुर्चीवरून पडले पाहिजेत. पण खरी वाटली पाहिजे हं. उगाच आगडम् बागडम् नको."

मुदत दोन आठवडे. मी म्हटलं, एका आठवड्यात देतो.

२४ एप्रिल

कसला आठवडा! नाकी नऊ आले. अक्षरं उलटी करून पाहिली, व्यंजनं चावून पाहिली. वाचून दाखवलं की माझं मलाच हसू येत नाही. खोटं कळतं. भाषा अशी बसून बनवता येत नाही, तिच्यामागे कुणाची तरी गरज लागते. हे वाक्य चांगलं झालंय. कुठेतरी वापरीन.

बायकोची वही चार दिवस राहिली. उकाड्यानं ती हैराण. "भोंडकी, भोंडकी" करत होती. मी पंखा वाढवला, तरी भोंडकी. शेवटी मावशीनं खिडकी उघडली, "झालं बाई तुमच्या मनासारखं," म्हणाली, तेव्हा कुठे शांतता. डोकं उठलं होतं माझं.

२९ एप्रिल

आजचं खरंखुरं लिहितो, कारण ही वही कुणी वाचणार नाही.

टोपी आला. मी त्याला माझी उलटी अक्षरं वाचून दाखवत होतो आणि तो तोंडावर हात ठेवून जांभया देत होता. हेही काम हातचं चाललं, असं वाटलं. तेवढ्यात आतल्या खोलीतून ही ओरडली, "हुबो! हुबोऽ! किलम!"

टोपी ताठ बसला. "काका, हे काय?"

आतून पुन्हा, जरा चिडून: "हुबो, किलम!"

आणि तो हसत सुटला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "हे! हे पाहिजे मला! हे तुमचंच ना?"

मी उलट्या अक्षरांचे कागद घडी करून खिशात घातले. मग म्हणालो, "माझंच. बायकोला पाठ करून म्हणायला लावतो, कसं वाटतं ते बघायला."

"काकू ग्रेट आहेत," तो म्हणाला.

तो गेल्यावर आत गेलो. ही पलंगावर बसली होती. माझ्याकडे बघून डाव्या तळहातानं चादरीवर तीनदा थापटलं आणि म्हणाली, "किलम." चादरीवर चुरा पडला असावा. मी चादर झटकून दिली. तिनं तोंड फिरवलं. आजारी माणसाचं काही सांगता येत नाही.

२ मे

डावा रकाना उघडला आणि सरळ उतरवून काढला. एका बैठकीत नऊ पानं. 'सिपरं' म्हणजे यानाचं इंधन. 'भोंडकी' म्हणजे तोफ. 'तातुला' हे त्यांच्या ग्रहाचं नाव. आणि 'हुबो किलम' ही सरदाराची गर्जना: माणसांनो, शरण या!

मनाला विचारलं, यात गैर काय? लेखक कुठून घेतो? घरातून, रस्त्यातून. तिच्या शब्दांना नाहीतरी अर्थ नव्हता, तो मी दिला. उलट तिच्या आजारातून काही चांगलं निघालं असंच म्हणायला हवं.

असंच म्हणायला हवं.

१५ मे

टोपीला आणखी शब्द हवेत, निदान शंभर. म्हणून गेले दहा दिवस मी सकाळ-संध्याकाळ तिच्या पलंगावर वही घेऊन बसतोय. आणि गंमत म्हणजे, ती बोलत सुटलीये! मी बसलो की तिची कळी खुलते. खिडकीकडे बोट करते, फोटोकडे करते, माझ्या चष्म्याकडे करते, प्रत्येक गोष्टीला काहीतरी म्हणते आणि मी लिहिलं की नाही ते वाकून बघते. मुद्रितशोधकच शेवटी. चष्म्याला 'दुबकी' म्हणाली. मी हसलो. तीही हसली.

थेरपिस्ट बाई जाम खूश. "काय केलंत हो? महिन्याभरात एवढी प्रगती!" मग वही चाळली. "पण उजवा रकाना?"

"भरतोय, भरतोय," म्हटलं. "कच्चं वेगळ्या कागदावर आहे."

कच्चं कुठेच नाही. उजव्या रकान्याला वेळ कुणाला आहे?

६ जून

शब्द पुरे झाले. एकशे बारा. संहिता दिली. आता चित्रीकरणाला रोज जायचं आहे, नटांची जीभ वळवायला.

दारातून निघालो की मागून "हुबो किलम" आणि चादरीवर थापट्या. रोज. मी लांबूनच "हो, हो" म्हणतो. उशीर होतो हो. सात वर्षं घरी बसलेल्या माणसानं सेटवर उशिरा जाऊन चालतं का?

१९ जून

सरदाराचं काम करणारा नट जुना, रंगभूमीवरचा, माझ्याच वयाचा. पाठांतर पक्कं. पण "हुबो किलम"मध्ये जीव येईना. नुसता ओरडत होता. मी म्हटलं, "ओरडू नका. आधी 'हुबो' म्हणा, जरा वर चढवत, कुणीतरी लांब चाललंय आणि त्याला ऐकू गेलं पाहिजे असं. मग थांबा. मग 'किलम' एकदम खाली, हळू. आणि तळहातानं तीनदा जमिनीवर थापटा."

त्यानं तसं केलं. सेटवरचे लोक पोट धरधरून हसले. दिवे धरणारा माणूस हसताना दिव्यासकट डगमगला. टोपीनं मला मिठी मारली. "काका, ही थापटायची आयडिया कुठून सुचली?"

मी म्हटलं, "निरीक्षण."

नटानं मात्र मला बाजूला घेऊन विचारलं, "हे वाक्य मी म्हणतो तेव्हा मला विनवणी केल्यासारखं वाटतं. याचा अर्थ नक्की 'शरण या' असाच आहे ना?"

नट लोक फार भावुक.

३० जुलै

मावशी माझ्यासमोर हात बांधून उभी राहिली. "साहेब, एक सांगू? राग मानू नका. तुम्ही जरा बसत जा ताईंजवळ. त्या म्हणतात सारख्या."

"काय म्हणतात?" मी हसून विचारलं. "तुला कळतं वाटतं?"

"न कळायला काय झालं?" ती म्हणाली आणि पोळपाट घ्यायला निघून गेली.

अडाणी माणसांना सगळं कळल्यासारखं वाटतं.

११ ऑक्टोबर

सिनेमाची झलक बाहेर आली. दोन मिनिटांची, त्यात तीनदा 'हुबो किलम'. टोपीचा फोन: लाखो लोकांनी बघितली. जिन्यात वरच्या मजल्यावरची पोरं एकमेकांना "हुबो!" म्हणून चिडवत धावत होती. वाण्याच्या दुकानात एकानं मला ओळखलं. माझ्या आयुष्यात एवढं कधी झालं नव्हतं, चाळीस शेपटं लावलेल्या नाटकानंतर तर नाहीच.

हिला काही सांगितलं नाही. जिन्यातला आवाज ऐकून मात्र ती उठून दारापर्यंत गेली, भिंतीला धरून. एकटी. "हुबो?" म्हणाली दाराला. पोरं खिदळत खाली पळाली.

१२ ऑक्टोबर, रविवार

लेकीचा फोन. आज आईला न मागता मलाच मागितलं.

"बाबा, झलक बघितली मी. ते शब्द कुठून आले?"

"कुठून म्हणजे? लिहिले."

"तुम्ही लिहिलेत?"

"अगं, लेखक काय करतो? इकडून तिकडून..."

"बाबा," ती म्हणाली, "तातुला मी आहे."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आई मला तातुला म्हणते. दर रविवारी. तुम्ही तिथेच बसलेले असता."

"अगं, तिला ते कळत तरी..." एवढं म्हणालो आणि तिनं फोन ठेवला. फोन ठेवला याचा मला राग आला. तिकडे राहून उपदेश करायला काय जातं? इथे रोज कोण आहे?

२१ नोव्हेंबर

उद्या दुपारी खास खेळ. टोपी म्हणतो, "काकूंना आणाच. त्यांनीच तर पहिल्यांदा म्हटलं ना ते वाक्य! स्टेजवर बोलावू."

तिला नेणार आहे. आठ-नऊ महिन्यांत घराबाहेर फक्त दवाखाना बघितला तिनं. मावशीनं कपाटातून निळी साडी काढलीये. लेकीला कळवलं नाही.

२२ नोव्हेंबर

सिनेमा चालणार. तुफान चालणार. लोक पहिल्या मिनिटापासून हसत होते. टोपीनं स्टेजवर माझं नाव घेतलं.

बस्स, एवढंच.

२३ नोव्हेंबर

नाही, लिहायलाच हवं. न लिहून जाणार आहे कुठे ते?

कोपऱ्यातल्या दोन खुर्च्या आम्हाला दिल्या होत्या. दिवे गेले तेव्हा तिनं माझी बाही धरली. पडद्यावर हिरवे लोक आले, तिला मौज वाटली. मग कचेरीच्या रांगेत सरदाराला घेरी येते, तो खाली बसतो आणि म्हणतो, "सिपरं... सिपरं..."

तिनं माझी बाही सोडली. मांडीवरची पिशवी चाचपली, त्यातून पाण्याची बाटली काढली आणि डाव्या हातानं पडद्याकडे धरली. पुढच्या खुर्चीच्या पाठीवरून, हात लांब करून. चेहऱ्यावर असा आनंद! नऊ महिन्यांनी कुणीतरी तिच्या भाषेत बोललं होतं. "सिपरं," ती त्याला म्हणाली, "सिपरं, सिपरं," म्हणजे घे ना.

पुढच्या रांगेतला माणूस वळला आणि त्याला वाटलं, बाई भूमिकेत आहेत. तो हसला. त्याच्या बायकोला दाखवलं, तीही हसली.

मी हात खाली ओढला तिचा. हो, मीच ओढला.

आणि मग पडद्यावर सरदार उठला. वर चढवत म्हणाला, "हुबोऽ." थांबला. "किलम." जमिनीवर तीन थापट्या. सगळं थिएटर फुटलं. झलक पाठ होती लोकांना, सहाशे माणसं खुर्चीच्या हातांवर तीन तीन थापट्या मारून ओरडत होती: हुबो किलम! हुबो किलम!

ती पडद्याकडे बघत नव्हती, लोकांकडेही नाही. मान वळवून माझ्याकडे बघत होती. पडद्याचा हिरवा उजेड तिच्या तोंडावर पडत होता. माझ्या लिखाणात मोठी चूक सापडली की ती अशीच बघायची, आधी कागदाकडे नाही, ज्यानं लिहिलं त्याच्याकडे.

स्टेजवर बोलावलं तेव्हा ती उठली नाही. मी एकटा गेलो. गेलो, हेही लिहून ठेवतो.

८ डिसेंबर

सोळा दिवस. एक शब्द नाही. सिपरं नाही, भोंडकी नाही, काही नाही. तहान लागली तर पेल्याकडे बघते. रविवारी फोन कानाला लावला, पलीकडून लेक "आई, आई" करत राहिली, ही नुसती ऐकत होती आणि डोळ्यांतून पाणी.

थेरपिस्ट बाईंनी विचारलं, "घरात काही झालं का? कुणी हसलं का त्यांना?"

मी म्हटलं, "नाही."

मग म्हटलं, "हो." किती लोक हसले, ते मात्र सांगितलं नाही. त्यांनीही सिनेमा बघितला असणार. त्यांनी वही मागितली. मी म्हटलं, विसरलो.

१४ डिसेंबर

लेक आली. माझ्याशी बोलत नाही. दार उघडल्याबरोबर आत गेली, आईच्या मांडीत डोकं घालून पडून राहिली. मग वही मागितली आणि मावशीला घेऊन स्वयंपाकघरात बसली. दुपारभर दोघींची कुजबुज. मी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्राचं एकच पान धरून बसलो होतो. त्यात सिनेमाची जाहिरात होती, पानभर.

मागची पानं तिनं वाचली नसावीत. वाचली असली तरी आता काय?

१५ डिसेंबर

वही टेबलावर ठेवून लेक गेली. उजवा रकाना भरलाय. एप्रिलपासूनची सगळी पानं, तिच्या बारीक अक्षरात. मावशीनं सांगितलेलं आणि तिला स्वतःला ठाऊक असलेलं. मावशीला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

सिपरं: पाणी. भोंडकी: खिडकी उघडा. दुबकी: चष्मा. तातुला: मी. एकशे बारापैकी नव्वदच्या वर. म्हणजे ती आठ महिने रोज बोलत होती. मावशी रोज आणि लेक दर रविवारी तिच्याशी बोलत होती, आणि मी शब्द जमवत होतो.

किलम: बसा. माझ्याजवळ बसा. (थापटून जागा दाखवते.)

चादरीवर चुरा नव्हता.

'हुबो'समोरचा रकाना मात्र प्रत्येक पानावर कोरा. एका ठिकाणी पेन्सिलीनं लिहिलंय, "बाबा, एवढा एक तुम्ही भरा."

सकाळपासून त्या शब्दाकडे बघत होतो. किती वेळा आलाय? मोजायचं सोडून दिलं. मग मोठ्यानं म्हणून बघितला, सेटवर नटाला शिकवला तसा. वर चढवत, कुणीतरी लांब चाललंय आणि त्याला ऐकू गेलं पाहिजे असा.

हुबोऽ.

अहोऽ.

अरे देवा. कान हा माझा धंदा म्हणे! याच वहीत लिहून ठेवलंय मी, घरात मला हाक मारणारं कुणी नाही म्हणून. आणि त्याच आठवड्याच्या डाव्या रकान्यात एकोणीस वेळा हुबो.

१६ डिसेंबर

तिच्याजवळ जाऊन बसलो. वही उघडून मांडीवर ठेवली. 'हुबो'समोर तिच्या देखत लिहिलं: अहो. म्हणजे मी. तिच्याकडे बघितलं. छातीवर हात ठेवून म्हणालो, "हुबो. मी हुबो ना गं? मला कळलं. उशिरा कळलं, पण कळलं." मग चादरीवर थापटलं आणि म्हटलं, "किलम. बसलोय बघ." रडत होतो, लाज कसली त्यात?

तिनं सगळं वाचलं. दोन्ही रकाने, सावकाश, बोट फिरवत. मग उशाच्या डब्यातून लाल पेन्सिल काढली. डाव्या हातात नीट बसेना, मी धरायला गेलो तर हात बाजूला केला माझा. 'हुबो'वर आडवी रेघ ओढली, थरथरती, आणि टोकाला वेटोळं. पान उलटलं. तिथल्या हुबोला. त्याच्या पुढच्या पानावरच्या. बाकी एकाही शब्दाला हात लावला नाही. सिपरं ठेवला, तातुला ठेवला. तासभर चाललं होतं. एकही हुबो सुटला नाही तिच्या नजरेतून.

शेपूट लावलेलं वाक्य तिनं कधी परत घेतलेलं नाही. मी भांडायचो तेव्हासुद्धा नाही.

९ फेब्रुवारी

थेरपिस्ट बाई म्हणतात, चमत्कार आहे. तिनं तोंड उघडलं, आणि आता हिरव्यांच्या भाषेत नाही, खरे शब्द येतात. "पाणी." "खिडकी." लेकीचं नाव, जोडाक्षरासकट. मावशीला "मावशी" म्हणते. काल माझ्या चष्म्याकडे बघून "चष्मा" म्हणाली, स्पष्ट. चष्मा म्हणाली, त्याच्या मागच्या माणसाला काही नाही.

मी रोज बसतो. वही घेत नाही. थापटून कुणी बोलावत नाही, तरी बसतो. ती मला बसू देते.

बाईंनी तिला चित्रं दाखवली, फोटो दाखवले. हे कोण? लेक. हे कोण? मावशी. हे कोण? माझा फोटो होता, लग्नातला. ती बराच वेळ बघत राहिली आणि फोटो पालथा ठेवला. "येईल, येईल," बाई मला म्हणाल्या. "'अहो'पासून सुरुवात करू, सोपा शब्द आहे." मी म्हटलं, त्याच्यावर नका वेळ घालवू.

दुपारी टोपीचा फोन होता. दुसरा भाग काढायचा ठरलाय. हिरवे परत येतायत. "काका, नवीन शब्द लागतील. पहिल्यासारखेच. आहेत ना?"

"नाहीत," म्हटलं. "ती भाषा बोलणारं कुणी उरलं नाही."

तो हसला. त्याला वाटलं, विनोद केला. "हे वाक्य सिनेमात घेऊ," म्हणाला.

आत पेल्यावर चमचा वाजतोय. तीन वेळा, जरा थांबून परत तीन वेळा. मला बोलवायचं असलं की आता ती चमचा वाजवते. पाणी हवं असेल तर "पाणी" म्हणाली असती, मावशी हवी असेल तर "मावशी". म्हणजे मीच.

उठतो.